मधला बॉल

शेलूबाजारला मंगल कार्यालयामागे पॅडेल नावाच्या खेळाचं कोर्ट झालं, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की काचेच्या भिंतींत चेंडू मारत बसायचं तर काच फुटत कशी नाही? फुटत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. माझे निम्मे फटके तिच्यावरच जातात.

कार्यालयाच्या स्वयंपाकाला वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं आमच्याच मळ्यातून जातं. माल उतरवायला मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई सकाळी जायचो. मालकाची सून पुण्याहून हा खेळ शिकून आलेली, इथं तिला जोडीला कोणी मिळेना, म्हणून तिनं आम्हालाच धरलं. जाड, भोकं पाडलेली बॅट हातात घेऊन जाऊबाई म्हणाल्या, "अवं, हा त झारा हाय!"

झारा काय, आम्ही जन्मभर धरलेलाच. व्हॉली म्हणजे टप्पा पडायच्या आधीच चेंडू मारायचा. त्यासाठी हात मागे न्यायचा नाही, बॅट छातीसमोर धरून नुसतं ढकलायचं, आणि तेही समोरच्यांच्या पायाशी. जाळीजवळ दोघींनी सोबत जायचं आणि डोक्यावरून उंच चेंडू गेला की सोबतच मागे यायचं, ताडपत्री दोन टोकांनी धरून नेतात तसं. हे आम्हाला लगेच जमलं. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी अशाच वावरत आलोय.

अडलं ते मधल्या बॉलवर. मी डावीकडे उभी राहायची, म्हणून मधे आलेला चेंडू माझ्या उजव्या हाताला, म्हणजे माझा, असं सुनेनं बजावून सांगितलं होतं. पण मोठ्या जावेच्या पुढ्यातलं आपण काही घ्यावं, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. व्यापाऱ्याशी भाव करायचा असो की रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढायची असो, आधी त्या. मी मागे उभी राहून मान डोलवायची. त्यामुळे चेंडू आमच्या मधून सुळकन निघून जायचा आणि आम्ही त्याला वाट दिल्यासारख्या उभ्या.

"काहून सोडला व?" जाऊबाई विचारायच्या.

"मले वाटलं तुमी घ्यान."

अशात त्यांच्या लेकाला पुण्यात जुळी झाली आणि जाऊबाई कायमच्या तिकडे राहायला जाणार असं ठरलं. मला खरं सांगू का, राग आला. पुण्याचा आला, लेकाचा आला, त्या दोन तान्ह्या जिवांचाही आला. आणि रागाखाली भीती होती. त्या गेल्यावर व्यापाऱ्यापुढे, पाहुण्यांपुढे मी तोंड कसं उघडणार? पण हे त्यांना सांगायचीही माझी हिंमत नव्हती.

त्या जाण्याआधी आमचा शेवटचा डाव मालेगावच्या दोन मास्तरणींशी झाला. शिकवणाऱ्या बाया त्या, त्यांनी आमचं दुखणं बरोबर ओळखलं. प्रत्येक चेंडू मधे! तरी आम्ही तोडीस तोड झुंजलो आणि बरोबरीत येऊन एकाच गुणावर डाव अडकला. चेंडू पुन्हा मधे आला. मी सवयीनं उजवीकडे पाहिलं. जाऊबाईंनी बॅट चक्क पाठीमागे धरली होती आणि त्या शांतपणे माझ्याकडे बघत होत्या.

"माझा!" मी अशी ओरडले की कार्यालयातला आचारी दारात आला. हात मागे गेला नाही. चेंडू दोघींतल्या उंच मास्तरणीच्या पायाशी पडला, मागच्या काचेला लागला आणि तिथंच मेला.

मला वाटलं, आता पाठीवर थाप पडेल. जाऊबाई घाम पुसत म्हणाल्या, "इतके दिस मुद्दाम सोडून राह्यली होती मी. म्हटलं आता तरी घेशीन, आता तरी घेशीन. मी काय जलमभर इथं राहीन?"

त्या गेल्या. व्यापाऱ्याशी भाव आता मी करते, आणि तो म्हणतो की जुन्या बाई बऱ्या होत्या. हे मी कौतुक समजते.

उजवीकडे आता माझा नवरा खेळतो. आसेगावपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गावाशी वाद घालणारा माणूस, पण पहिल्याच दिवशी मधला बॉल त्यानं गुमान जाऊ दिला, आणि मीही चुकून त्याच्याकडेच बघत राहिले.

"काहून सोडला?" माझ्या तोंडून निघालं, अगदी जाऊबाईंच्या आवाजात.

"मले वाटलं तू घेशीन."

मी खो-खो हसले. हसतच चेंडू आणायला मागच्या काचेपाशी गेले. चेंडू पायाशीच होता, पण मी बराच वेळ वाकले नाही. जाऊबाईंची इतकी आठवण आली होती, की चेंडू उचलून वळले असते तर नवऱ्याला माझे डोळे दिसले असते.