आईला उचलताना

नगरच्या एका सरकारी कचेरीत मी सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतो आहे. जमिनींचे जुने कागद, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि नाकात कायमची बसलेली धूळ. दोन वर्षांपूर्वी ते सगळे कागद स्कॅन करायचं ठरलं. गठ्ठे काढून द्यायचं काम माझ्यावर आणि आमच्या शिपाईमामांवर आलं. मामा नोकरीत लागण्याआधी राहात्याच्या बाजारात हमाली करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हटकलं.

"भाऊसाहेब, कमरंत नका वाकू. गुडघ्यात बसा, गठ्ठा पोटाशी घ्या, मंग पायाच्या जोरावर उठा. आन् वळायचं तर पाय वळवा, कंबर न्हाई."

"मामा, कागदच तर आहेत," मी हसून म्हणालो.

"कागद लई जड असतोय."

त्या आठवड्यात मामा भाचीच्या लग्नाला गेले. स्कॅनिंगवाले घाई करत होते. मी जमिनीवरचा एक गठ्ठा वाकून उचलला आणि तसाच कमरेतून टेबलाकडे वळलो. कमरेत काहीतरी सटकलं आणि डाव्या पायात टाचेपर्यंत आग उतरली. गठ्ठा हातातून सुटला. मी टेबलाला धरून उभा राहिलो, आणि बसायचं कसं हेच मला कळेना.

मणक्यातली चकती सरकली होती. महिनाभर पलंगावर, मग कमरेला पट्टा. दवाखान्यात व्यायाम शिकवायला जी मुलगी होती, तिने पहिल्या दिवशी कोपऱ्यातली रिकामी बादली दाखवली आणि म्हणाली, "उचलून दाखवा बघू." मी वाकलो. "थांबा," ती ओरडलीच. मग तिने पाय फाकवून, एक पुढे ठेवून, पाठ ताठ ठेवत बसायला शिकवलं. शब्दन् शब्द मामांचाच होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, रोज सकाळी रिकामी बादली उचलायला शिकत होतो. दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घरात मी आणि आई. बायको राहात्याला शाळेत शिकवते, शनिवारी येते. आई शहाऐंशीची. ती अंगाने इतकी वाळली होती, की तिचं लुगडं दोरीवर वाळत घातलं की तिच्याहून मोठं दिसायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी न्हाणीघरात धप्प आवाज झाला. मी गेलो तर आई ओल्या फरशीवर आडवी. डोळे उघडे. तिने माझ्याकडे हात केला.

मी सगळं बरोबर केलं. गुडघ्यात बसलो, पाठ ताठ ठेवली, तिच्या काखेत हात घालून तिला छातीशी घेतलं. अर्धा उठलो. तेवढ्यात डाव्या पायातला जोर गेला, आणि आई माझ्या हातातून सुटून पुन्हा फरशीवर बसली. ती ओरडली. एकदाच.

हाड आधीच पडल्याने मोडलं, की मी सोडल्याने, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

शेजारच्यांचं दार बंद होतं. मी मामांना फोन लावला. "आलोच," एवढंच म्हणाले. ते येईपर्यंत मी आईच्या अंगावर चादर घातली, डोक्याखाली उशी दिली आणि तिच्याशेजारी ओल्यातच बसलो.

"उठ तिथून, तुला गारठा बाधेल," ती म्हणाली.

"बसू दे."

काहीतरी बोलायचं म्हणून ती कोल्हारच्या घराबद्दल बोलायला लागली. प्रवरेवरून धुणं आणायची. ओल्या कपड्यांची पाटी डोक्यावर, लहानगा मी काखेला.

"तेव्हा कंबर नाही दुखायची तुझी?"

"दुखायची की."

"मग कधी बोलली नाहीस?"

"सांगायचं कुणाला?"

अर्ध्या तासाने मामा रिक्षातून आले. चपला दारात काढून ते आईपाशी गुडघ्यावर बसले. "आई, गळ्यात हात टाका माझ्या. भिऊ नका." एका दमात त्यांनी तिला उचललं, पाय वळवत दारातून बाहेर काढलं आणि पलंगावर अलगद ठेवलं. साठीच्या घरातला माणूस. त्यांचा श्वाससुद्धा चढला नाही. मी दाराला टेकून बघत राहिलो. त्यांचे उपकार मानायचे सोडून त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा उभी राहिली नाही. तिला कुशीवर वळवायला एक बाई ठेवली. ती नसताना आईला वळायचं असलं तरी आई मला हाक मारायची नाही. मीच विचारलं तर म्हणायची, "राहू दे. बरी आहे अशीच." तिच्या पाठीला जखमा झाल्या त्या अशा पडून राहिल्यानेच. एप्रिलच्या शेवटी ती गेली.

तिला नेताना मी हट्टाने खांदा द्यायला पुढे झालो. बायकोने बाही धरली. "नका ना. पुन्हा पलंगाला खिळाल." मी ऐकलं नाही. फाटकापर्यंत दहा-बारा पावलं चाललो असेन. पाय थरथरायला लागला तसे मामा मागून आले, त्यांनी बांबू आपल्या खांद्यावर घेतला आणि मला बाजूला केलं. बाकीची वाट मी मोकळ्या हातांनी चाललो.

आता मामा निवृत्त झालेत. त्यांच्या जागी आलेला माणूस गठ्ठे कमरेतून वाकून उचलतो. मी त्याला दोनदा समजावलं. तो मान डोलावतो आणि पुन्हा तसाच वाकतो.