मांडीवरची उन्हाची पट्टी

घरात तिला भिंगरी म्हणत. बसली तरी पाय हलायचा, पाय धरून ठेवला तर बोटं टेबलावर नाचायची. बापाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मिसरूड न फुटलेल्या वयात तो स्वतः ट्रक चालवायला शिकला होता आणि लेकीलाही त्यानंच शिकवलं. गाडी बुडाला कळली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काटे बिघडतात, बूड बिघडत नाही.

हेच बूड पुढं तिच्या मुळावर आलं.

छोटं विमान उडवायचा परवाना तिच्याकडं होता, पण तो उघड्या आभाळापुरता. ढग आले की मुकाट्यानं खाली बसायचं. पार्सलं नेणाऱ्या एका कंपनीत पायलटची जागा निघाली होती आणि साहेबानं ती महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच, ढगातून नुसत्या उपकरणांवर विमान चालवायची परीक्षा पास होऊन यायचं. नाहीतर दुसरा तयारच होता.

शिकवायला एक निवृत्त पायलट होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घाण्याच्या बैलाला बांधतात तसं झापड ते तिच्या कपाळाला बांधायचे. बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त समोरच्या तबकड्या आणि स्वतःच्या मांड्या. वळ म्हटलं की वळायचं, सरळ म्हटलं की सरळ. पण काटे जागेवर ठेवायचे.

गंमत अशी की एखाद्या दिवशी तिचे काटे खिळे ठोकल्यासारखे स्थिर राहायचे आणि एखाद्या दिवशी दारू प्यायल्यासारखे झुलायचे. मास्तरांनी आधी तिच्या झोपेला दोष दिला, मग जेवणाला. ती चिडायची, घरी येऊन खुर्चीवर बसायची, भिंतीला चिकटवलेल्या कागदी तबकड्यांकडं बघत हातातलं लाटणं विमानाच्या दांड्यासारखं फिरवायची. बाप एकदा म्हणाला, लाटणं उडालं तर सांग, मी खाली वाकतो. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

शेवटी मास्तरांच्या लक्षात आलं. काटा हलायच्या आधीच तिची नजर खाली जात होती. बाजूच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी तिच्या मांडीवर पडायची. विमान जरा फिरलं की पट्टी सरकायची आणि तेवढ्यावर पोरगी हात सावरायची. मास्तरांनी पेपर उघडून तिच्या खिडकीवर धरला. जरा वेळात उजवा पंख खाली गेला.

“तू तबकड्या बघतच नाहीस,” मास्तर म्हणाले. “ऊन बघतेस.”

“मी चोरी नाही केली, सर.”

“चोरी असती तर बरं होतं. सोडायला सांगितली असती. ही सवय आहे.”

तिथून पुढं रोज खिडकीला पेपर. पोट म्हणायचं आपण कलतोय, तबकडी म्हणायची सरळ आहोत. ती पोटाचं ऐकायची आणि मग विमान खरंच कलायचं. पुन्हा वर, पुन्हा तेच. हळूहळू कधी तबकडीचं ऐकू लागली, कधी नाही. भरवसा मात्र कशाचाच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. बाकीच्यांनी तारखा पुढं ढकलल्या. नको वाटत असेल तर आज राहू दे, मास्तर म्हणाले. तिची पुढची तारीख महिना उलटल्यावरची होती, तोवर नोकरीची जागा गेली असती. पण तिनं मास्तरांना कारण दुसरंच सांगितलं. ऊन असलं तर मी खाली बघेन, आज ऊन नाही, आजच जाते.

परीक्षक बाई कमी बोलणाऱ्या. विमान ढगात शिरलं तसं सगळं पांढरं झालं असणार. झापडाखाली तिला फक्त तबकड्यांवरचा उजेड मंदावलेला कळला. काटे बरे चालले होते. आणि मग ढगांमधली मोकळी जागा आली. मांडीवर पट्टी पडली, जुन्या ओळखीच्या माणसासारखी.

तिनं उजव्या हातानं नकाशा ओढला आणि खिडकीच्या फटीत खुपसू लागली. त्या झटापटीत विमान थोडं खाली सुटलं. तिनं ते परत वर घेतलं.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं.

“डोळ्यांवर ऊन येतंय.”

“डोळ्यांवर तर झापड आहे.”

भिंगरी म्हणाली, “पट्टी बघून चालवायची खोड आहे मला. आज नकोय ती.”

थोडी फट ठेव, मला बाहेर बघायचंय, एवढंच बाई म्हणाल्या.

पुन्हा ढग. लांबलचक वळण संपवून ती सरळ झाली आणि अख्खं अंग ओरडू लागलं की आपण उजवीकडं पडतोय. खांद्यापासून बुडापर्यंत सगळे एका बाजूला आणि ती एवढीशी तबकडी एका बाजूला. नजर तिनं तबकडीवर रोखली. हात हलवला नाही.

“काढ झापड,” विमान ढगाखाली आल्यावर बाई म्हणाल्या. समोर धावपट्टी होती, जराशी डावीकडं.

उतरल्यावर बाईंनी सांगितलं, नकाशापायी उंची सोडलीस, ती वेळेत सावरलीस म्हणून चाललं. पास आहेस.

बाप गॅरेजची गाडी घेऊन न्यायला आला होता. किल्ली त्यानं तिच्याच हातात दिली. थोडं पुढं गेल्यावर शेजारी बसलेल्या बापाचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

“बये,” तो म्हणाला, “काट्याकडं काय बघतेस? रस्ता समोर आहे.”