गृहस्थ हयात आहेत

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या शेजाऱ्यांचा विषय निघाला की मी चहा मागवायचो, नाहीतर उठून पंख्याचा वेग कमीजास्त करायचो. आता माझं वय एक्क्याऐंशी आहे, चहा डॉक्टरांनी बंद केला आहे आणि पंखा सूनबाईंच्या ताब्यात आहे, तेव्हा सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेचं राजकारण आमच्या या शेजाऱ्यांइतकं आतून ठाऊक असलेला माणूस पनवेलमध्ये नव्हताच, पण मला वाटतं, खुद्द अमेरिकेतही फार नसतील. विशेष म्हणजे त्यांनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. सगळं ऐकलं होतं, तेही एका तळघरात बसून.

तरुणपणी ते मुंबईत लघुलेखक होते. मेव्हण्याच्या ओळखीने अमेरिकेला गेले आणि तिथल्या एका विद्यापीठात टायपिस्ट म्हणून चिकटले. विद्यापीठाने जुन्या निवडणुकांत राबलेली म्हातारी माणसं गाठून त्यांच्या आठवणी टेपवर घ्यायचं काम काढलं होतं. भाषणं लिहून देणारे, सभांच्या वेळा ठरवणारे, उमेदवाराचा कोट सांभाळणारे असे सगळे. त्या टेपा ऐकून कागदावर उतरवायचं काम आमच्या शेजाऱ्यांचं. पायाखाली एक पेडल असायचं. ते दाबलं की टेप चालायची, टाच दाबली की मागे जायची. सहा वर्षं त्यांनी हेच केलं. मग पत्नीच्या आजारपणामुळे परत आले, पनवेलला आमच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या, आणि पत्नी गेल्यावर एकटेच राहिले. गाव त्यांना वॉशिंग्टनकर म्हणू लागलं. त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "वॉशिंग्टनला मी गेलो नाही कधी. पण चालेल."

नोकरी सुटली तरी पेडल काही सुटलं नाही. समोरचा माणूस बोलू लागला की यांचा उजवा पाय जमिनीवर हलू लागे. माझी पत्नी मला आत बोलावून म्हणायची, "अहो, त्यांना सतरंजीवर बसवा. फरशी जाईल आपली." न कळलेला शब्द अंदाजाने लिहायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी आयुष्यालाच लावून घेतला होता. एकदा एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी मी त्यांच्यामागे उभा होतो. आतल्या माणसाने नेहमीप्रमाणे तोंडातल्या तोंडात चार गाड्यांच्या वेळा सांगून टाकल्या. यांनी टाच दाबली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "जरा मागे या. 'पेण'च्या आधीपासून." तो माणूस इतका चक्रावला की त्याने खरोखरच सगळं पहिल्यापासून, स्पष्ट उच्चारांत सांगितलं. रांगेतल्या लोकांनी यांचे आभार मानले.

संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर आमची बैठक असे. मी, ते आणि गव्हाणचा जनार्दन. जनार्दनच्या घरची मिठागरं होती. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्यावर तो रोज मोटरसायकलवर पनवेलला येऊन बसे. शेजारी आम्हाला चाळीस ते साठच्या दशकांतलं अमेरिकेचं राजकारण सांगत, पण राष्ट्राध्यक्षांची नावं घेत नसत. एक 'कापडवाले', कारण त्या गृहस्थांचं आधी कपड्यांचं दुकान होतं. त्यांच्यानंतरचे 'जनरलसाहेब'. मग 'धाकटे' आणि शेवटी 'टेक्सासचे'. जनार्दनला ही मंडळी इतकी घरची झाली की कापडवाल्यांना सगळ्यांनी पडलेलंच धरलं होतं हे ऐकून त्याने दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी बाकावर बसायच्या आधीच विचारलं, "काका, त्यो कापडवाला आला का नाय निवडून?"

"आला."

"मंग काल का नाय सांगलं? मी जेवलो नाय."

या गोष्टींचा उपयोग गावाच्या राजकारणालाही व्हावा अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती. एका उमेदवाराच्या कचेरीत म्हणे एक बाई होती, जिच्याकडे गावोगावच्या कार्यकर्त्यांची कार्डं असत. कोणाला मुलं किती, कोणाच्या बायकोचं ऑपरेशन झालं. गाडी स्टेशनात शिरायच्या आत ती उमेदवाराच्या हातात कार्ड ठेवी. हे ऐकून आमच्या वॉर्डातल्या एका होतकरू उमेदवाराने कार्डं केली आणि पहिल्याच घरी जाऊन विचारलं, "आईंचे गुडघे काय म्हणतात?" आई जाऊन दोन वर्षं झाली होती. उमेदवार तक्रार घेऊन आला तेव्हा शेजाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "कार्ड कधीचं होतं?" मग म्हणाले, "ती बाई दर शनिवारी बदलत असे. हे सांगायचं राहिलं, माझी चूक."

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. टेपवरून उतरवलेल्या मजकुराची एक प्रत बोलणाऱ्याकडे दुरुस्तीसाठी जायची. रुंद समास सोडलेली. बोलणाऱ्याला एखादा भाग नको वाटला तर तो लिहू शकत असे, की मी असेपर्यंत हे उघड करू नये. मग तो भाग त्याच्या मरणापर्यंत बंद. शेजाऱ्यांनी नोकरी सोडून पंधरा वर्षं झाली होती, विद्यापीठ सात समुद्रांपलीकडे होतं, तरी हा नियम ते बाकावर पाळत. गोष्ट ऐन रंगात आली की थांबत आणि म्हणत, "पुढचं सांगता येणार नाही. गृहस्थ हयात आहेत."

जनार्दनचा जीव कासावीस व्हायचा. "अवो काका, तो मानूस तिकडं, आमी इकडं! तुमी पनवेलात बोललात त त्याला कसं कलनार हाय?"

"त्याला नाही कळणार. पण मी त्याला शब्द दिलाय."

"तुमी कंदी दिलात? तुमी त टायपिंग करत व्हता!"

"टायपिस्टचाही शब्द असतो, जनार्दन."

तिकडचा एक जुना सहकारी त्यांना अधूनमधून पत्र लिहून कोण वारलं ते कळवी. त्यामुळे असं झालं, की पनवेलच्या तळ्याकाठी बसून आम्ही दोन धडधाकट माणसं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या मरणाकडे डोळे लावून बसलो. जनार्दन मोटरसायकल लावतानाच ओरडून विचारायचा, "आज कोन गेला का?" एकदा खरंच पत्र आलं आणि चार वर्षं अडून राहिलेली एक गोष्ट मोकळी झाली. आम्ही सरसावून बसलो. गोष्ट अशी, की एका उमेदवाराच्या भाषणाचे कागद पावसात भिजले. मदतनिसाने ते आगगाडीतल्या चुलीवर वाळत घातले, त्यात एक पान जळालं. उमेदवाराने ते पान वगळून भाषण केलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जनार्दन म्हणाला, "येवढंच?"

"आपल्याला एवढंच," शेजारी म्हणाले. "टेपवर तो माणूस रडलाय."

ऐकायची ही जी त्यांची रीत होती, तिनेच मला गोत्यात आणलं. एका दुपारी त्यांनी कॅसेट रेकॉर्डर काढला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्हीही इतक्या निवडणुकांत काम केलंत. तुमच्या आठवणी घेऊ या." मी बोलू लागलो. समोर कोणी मध्ये बोलत नाही, हुं म्हणत नाही, फक्त पाय हलतो आहे, अशा वेळी माणूस फार बोलतो. मी बोलता बोलता ते सांगून बसलो जे पत्नीलाही सांगितलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावच्या निवडणुकीत मी एका व्यापाऱ्याचा प्रचार करत होतो. विरुद्ध उभे होते एक शाळामास्तर, गावाचा जीव होता त्यांच्यावर. मतदानाच्या दिवशी सकाळी मी बाजारात पत्रकं वाटवली, की मास्तरांनी प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली आहे. मास्तर थोडक्यात पडले. पत्रकं छापली कोणी, हे कधी बाहेर आलं नाही. शेजाऱ्यांनी बटण बंद केलं आणि विचारलं, "हे बंद ठेवायचं ना?" मी मान हलवली. त्यांनी कॅसेटवर तसं लिहिलं आणि ती ट्रंकेत टाकली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत निवडणूक होती आणि मी गावातल्या एका वाचनालयाचा अध्यक्ष होतो. शेजाऱ्यांचं व्याख्यान ठेवावं ही कल्पना माझीच. त्यांनी आठ दिवस तयारी केली, कोटाला इस्त्री केली. साठसत्तर माणसं आली. पहिल्या रांगेत शाल पांघरून मास्तर बसले होते. व्याख्यान उत्तम चाललं होतं. कापडवाले झाले, जनरलसाहेब झाले, लोक हसत होते. मग ते म्हणाले, "गेल्या महिन्यात एक गृहस्थ वारले, त्यामुळे आज एक गोष्ट प्रथमच सांगतो. एका राज्यातल्या निवडणुकीत प्रचाराचं काम करणाऱ्या या माणसाने मतदानाच्या सकाळी खोटी पत्रकं वाटली. समोरच्या उमेदवाराने माघार घेतली आहे अशी..."

मला वाटलं, अमेरिकेचं नाव पुढे करून हे माझीच गोष्ट सांगताहेत. आता पुढच्या वाक्याला मास्तर मान वळवून माझ्याकडे बघणार. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, वक्ते माझे शेजारी आहेत म्हणून मला बोलणं भाग आहे. हे अमेरिकेला कधीही गेलेले नाहीत. जुन्या मासिकांतलं वाचून सांगतात. करमणूक म्हणून ऐकावं, खरं धरू नये."

त्यांचा पासपोर्ट मी पाहिला होता. विद्यापीठाचं पत्र पाहिलं होतं. गावात ते पाहिलेला मी एकटाच होतो, आणि म्हणूनच माझ्या शब्दाला वजन होतं.

त्यांचा पाय थांबला. ते माझ्याकडे पाहत राहिले. माझी भीती त्यांना तेव्हाच कळली असणार. "मी याचं नव्हे, एका मेलेल्या अमेरिकनाचं सांगत होतो, आणि हा का घाबरला ते मास्तरांना ऐकवतो," एवढं म्हटलं असतं तर ते सुटले असते. त्यांनी कागदांची घडी घातली आणि म्हणाले, "अध्यक्षांचं म्हणणं ऐकलंत. मी इथेच थांबतो." त्या अमेरिकन गृहस्थाने पुढे काय केलं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. त्याच वाक्याला मी उठलो होतो.

गावाला काय, विषय मिळाला. रिक्षावाले विचारत, "काय वॉशिंग्टनकर, व्हाइट हाऊसला सोडू का?" ते म्हणत, "आज नको, चालत जाईन." बाकावर ते येईनासे झाले. जनार्दन एकटाच मला तोंडावर बोलला. "अन्ना, खोटं तुमी बोललात. थापा मारनारा मानूस चार चार वर्सं गोष्ट पोटात नाय ठेवत. त्यो दुसऱ्याच दिवशी सांगल." तोही मग माझ्याशेजारी बसला नाही.

मी माफी मागायला तीनदा गेलो. पहिल्यांदा पत्नीने दिलेल्या पुरणपोळ्या घेऊन गेलो आणि नळाला पाणी किती वाजता येतं यावर अर्धा तास बोललो. दुसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं, खुर्ची दिली, समोर बसले. मी बोलायची वाट पाहत त्यांचा पाय तयार होता. मी त्यांना घरपट्टीबद्दल विचारलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सामान बांधलेलं होतं. ते मुलीकडे सांगलीला निघाले होते. त्यांनी ट्रंकेतून माझी कॅसेट आणि टाइप केलेले बारा कागद काढून माझ्या हातात ठेवले.

"दुसऱ्याच्या घरात ही नको," म्हणाले. "कॅसेटची दुसरी प्रत नाही. कागद दुरुस्तीला तुमच्याकडे द्यायचे राहून गेले होते. काही घालायचं असलं तर समासात लिहा आणि पाठवा. मी नीट टाइप करून देईन."

एवढी सोपी वाट त्यांनी करून दिली होती. बोलायचंही नव्हतं, फक्त लिहायचं होतं. मी रोज कागद काढत असे. पहिल्या महिन्यात मी शुद्धलेखनाच्या दोन चुका शोधल्या. त्यांत एकही त्यांची नव्हती, मीच तसं बोललो होतो. पुढे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आठ महिने झाले. शेवटी एका सकाळी मनासारखं उतरलं. पाकीट आणायला बाहेर पडलो तर पोस्टमन भेटला. त्याच्याकडे सांगलीहून आलेलं त्यांच्या मुलीचं कार्ड होतं. त्यांना जाऊन दहा दिवस झाले होते.

मास्तरही आता नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून आलो. सुनेने ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "ते शेवटपर्यंत म्हणायचे, गावाला मी नको होतो." तिथे निदान मी बोललो तरी. शेजाऱ्यांच्या बाबतीत आता कुठे जावं ते कळत नाही. ते बारा कागद कपाटात आहेत. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे:

"तुम्ही अमेरिकेत होतात. मी तुमचे कागद पाहिले होते आणि तरी साठ माणसांसमोर नाही म्हणालो, कारण मला मास्तरांची भीती वाटली. तुम्ही माझं नाव राखलंत आणि मी तुमचं घालवलं. मला माफ करा. हे मी तुमच्या खोलीत, तुमच्यासमोर बसून म्हणायला हवं होतं."