बिलकिसबी चालवायची ती वाट

भद्रकाली मोहल्ल्यातल्या बिलकिसबीच्या अंगणात हाडं मोडलेली, सांधे निखळलेली माणसं यायची, पण किंकाळी कधी ऐकू यायची नाही. हाडं बसवणारे इतर लोक आधी अफू चारत. ती अफूला हात लावायची नाही. माणसाला आडवं करून, कपाळावर तळवा ठेवून एवढंच म्हणायची, "डोळे मीट आणि घरी जा. वाटेत काय दिसतं ते सांगत राहा." माणूस वाट सांगू लागे. हळूहळू आवाज जड होई, बोटं सैल पडत. तो घराचं दार उघडे, आणि ती हाड ओढे.

"खाला, तुम्ही नजरबंदी करता," शेजारचा गाडीवान कारभारी म्हणायचा.

"नजर कशाला बांधू? मी फक्त चालवते. तुला तर बैलही चालवता येत नाहीत!"

१९३४च्या एप्रिलात एका दुपारी कारभारीच्याच गाडीतून तिचा जावई आला. शौकत, जवळच्याच वडाळा गावचा टांगेवाला. चाबकानं झोडपलेल्या घोड्यानं लाथ घातली होती. उजवा खांदा निखळून हात लोंबत होता.

बिलकिसबीनं खांद्याकडे पाहिलंच नाही. "मासूमा कुठंय?"

"सांगितलं ना अम्मी, मालेगावला. माझ्या बहिणीकडे."

तीन आठवडे तो हेच सांगत होता. बकरीदलाही लेक आली नव्हती. त्याआधी आली तेव्हा तिच्या कानशिलावर काळानिळा वळ होता. बिलकिसबी दोनदा वडाळ्याला जाऊन आली. दाराला कुलूप. खूप हाका मारल्या, आतून आवाज नाही.

"ओढा ना अम्मी, मरतोय मी!"

"डोळे मीट. घरी जा."

कपाळावर तळवा पडताच तो डोळे मिटून निघाला. दूध बाजार. नाका. आंब्याची झाडं. मग विहीर, तिथं घोडा पाणी पितो. कण्हणं थांबलं.

"दाराशी आलास?"

"आलो. कुलूप आहे." डावा हात कमरेच्या चावीकडे गेला. "उघडलं."

इथं ती ओढायची. तिनं ओढलं नाही. कारभारी तिच्या तोंडाकडे बघू लागला.

"आत काय दिसतं?" आवाज तसाच संथ.

"ती आहे. पाय जात्याला बांधलाय. दोरीनं कातडं सोललंय."

"ओरडत नाही?"

"अफूची गोळी देतो सकाळी. मग गप असते. आज हलवली तरी उठेना."

बिलकिसबीनं कपाळावरचा तळवा उचलला. आजवर कुणाला तिनं हाड बसवल्याशिवाय जागं केलं नव्हतं.

"शौकत! डोळे उघड!"

त्यानं उघडले. चावी तिच्या मुठीत होती.

"कारभारी, धर याला."

"अम्मी, झोपवा मला! अम्मी!"

"तू तिला झोपवलंस तेवढं पुरे." काखेत टाच रोवून तिनं हात खेचला. हाड बसल्याचा आवाज किंकाळीत बुडून गेला. गल्लीतली दारं उघडेपर्यंत तिला घेऊन कारभारीची गाडी वडाळ्याच्या वाटेला लागली होती.

मासूमाचा श्वास चालू होता. तोंडावर पाणी मारल्यावर, गालावर थापट्या दिल्यावर तासाभरानं ती शुद्धीवर आली. दोरी घोट्याच्या मांसात रुतली होती, ती काढायची होती. सवयीनं बिलकिसबीनं तिच्या कपाळावर तळवा ठेवला.

"डोळे मीट. घरी जा."

मासूमानं डोळे मिटले आणि लगेच दचकून उघडले. "नको अम्मी. झोपवू नको."

बिलकिसबीनं तळवा काढून घेतला. "बरं. जागीच राहा. ओरडायचं तेवढं ओरड."

मासूमा ओरडली. बिलकिसबी दोरीचा एकेक पदर सोडवत राहिली.