ओसोयूसच्या उन्हातला भोपळा

मिसिसागा या मोठ्या शहरातली नोकरी सोडून मी नवऱ्याबरोबर कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, ओसोयूसला गेले, तेव्हा आमचं ठरलं होतं की तीन वर्षांनी परत यायचं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तेवढंच होतं. तो सिव्हिल इंजिनिअर. तिथल्या द्राक्षबागांना पाणी पुरवणाऱ्या जुन्या पाइपलाइन बदलायच्या होत्या. मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात चांगली रुळले होते, पण त्याला हे काम मनापासून हवं होतं. मी म्हटलं, जाऊ या. ही २०१५-१६ च्या आसपासची गोष्ट.

कॅनडा म्हटलं की लोकांना बर्फच आठवतो. ओसोयूस अमेरिकेच्या सीमेला टेकलेलं गाव आहे. मध्ये तळं, आणि भोवती उघडेबोडके, पिवळट डोंगर. त्यांच्यावर करड्या रंगाची झुडपं आणि बुटके निवडुंग. पाऊस जवळजवळ नाहीच. जुलैत पारा चाळिशीला टेकायचा आणि रस्त्याच्या डांबराचा वास घरात यायचा. मी मूळची अकोल्याची. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी दार उघडलं आणि ती झळ तोंडावर आली, तेव्हा आपण किती वर्षं हे विसरून गेलो होतो, असं वाटलं. नवरा पुण्याचा. तो दार बंद करून एसी वाढवायचा.

मला तिथे काम मिळालं नाही. नवरा सकाळी ट्रक घेऊन साइटवर जायचा. मी घरात बसून मिसिसागातल्या मैत्रिणींचे फोन येण्याची वाट बघायची. पुढे पुढे ते फोनही कमी झाले.

शेजारच्या घरात एक पोर्तुगीज बाई एकट्या राहत. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. तरुणपणी नवऱ्याबरोबर या देशात येऊन त्यांनी पीचच्या बागेत आयुष्य काढलं होतं. नवरा गेल्यावर बाग विकली आणि गावात घर घेतलं. एकदा त्यांनी मला कॉफीला बोलावलं. त्यांच्या फ्रिजवर एक फोटो होता. समुद्राकडच्या कुठल्याशा गावात आपल्या भावाच्या शेतात त्यांचा नवरा उभा आहे आणि शेजारी त्याच्या कमरेपर्यंत येणारा भोपळा. मी बघतच राहिले.

"इथे एवढा होतो?" मी विचारलं.

"इथे काही होत नाही," त्या म्हणाल्या. "इथे द्राक्षं होतात आणि साप होतात. भोपळ्याला थंड रात्री लागतात, ढग लागतात. माझा नवरा दर उन्हाळ्यात लावायचा आणि दर उन्हाळ्यात शिव्या द्यायचा."

तरी निघताना त्यांनी मला एक बी दिलं. अंगठ्याच्या पेराएवढं, पांढरंशुभ्र. "तुला काही काम नाही. बघ लावून," असं म्हणाल्या. ते खरंच होतं, म्हणून मला राग आला नाही.

आमच्या बॅकयार्डमध्ये नुसती वाळू होती. मी नवऱ्याकडून शेणखत आणवलं, खड्डा केला, बी लावलं. वेल जोरात धावला. पानं ताटाएवढी झाली. पण दुपारी ती सगळी पानं अशी माना टाकायची की बघवायचं नाही. संध्याकाळी पाणी दिलं की पुन्हा उभी राहायची. जुलैत मादीफुलं आली. फुलाखाली लिंबाएवढं फळ असतं. ते रोज थोडं पिवळं पडायचं आणि गळून जायचं. एकही टिकलं नाही. शेजारच्या बाई कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "मी सांगितलं होतं." त्यांना वाईटही वाटत होतं, ते मला दिसत होतं.

दुसऱ्या वर्षी मी लवकर तयारीला लागले. वाचून कळलं होतं की फार उष्णतेत परागच मरतात. अकोल्याला माठाला ओलं गोणपाट गुंडाळायचो, ते मला आठवलं. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवायच्या, फुलाभोवती ठेवायच्या आणि वरून ओलं फडकं टाकायचं, असं मी ठरवलं. नवरा आधी हसला. मग एका रविवारी तो साइटवरचे उरलेले प्लॅस्टिकचे पाइप घेऊन आला आणि वेलावर त्यानं सांगाडा उभा केला. त्यावर आम्ही आमच्या पांढऱ्या चादरी ताणल्या.

"इंजिनिअरिंगचा याहून चांगला उपयोग मी आजवर केलेला नाही," तो म्हणाला.

फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढायच्या आत परागीकरण करावं लागतं. त्यामुळे आम्ही दोघं उजाडायच्या वेळी बाहेर असायचो. मी नरफुलाच्या पाकळ्या सोलायची, तो मादीफूल उघडं धरायचा. त्या वेळी डोंगर जांभळे दिसायचे आणि हवेत खरोखर गारवा असायचा. मिसिसागात आम्ही सकाळी एकमेकांना धड बघतही नव्हतो. मी बस पकडायला धावायची, तो हायवेला लागायचा. इथे आम्ही वेलापाशी उकिडवे बसून चहा प्यायचो. कशाबद्दलही बोलायचो. त्याच्या लहानपणाच्या कितीतरी गोष्टी मला तिथे पहिल्यांदा कळल्या.

त्या वर्षी फळ धरलं. ऑगस्टमध्ये दोन माणसांना उचलणार नाही एवढं झालं. शेजारच्या बाई म्हणाल्या, मुळाशी दूध घाला. त्यावर आमचं भांडण झालं. त्यांनी माझ्या नकळत घातलंच, आणि गावभरच्या मुंग्या आमच्याकडे आल्या. पण घात झाला तो पाण्यानं. एका कडक आठवड्यात वेल फार कोमेजला, म्हणून मी रोजच्यापेक्षा जास्त पाणी दिलं. फळ आतून फुगलं आणि देठाजवळ उभं तडकलं. हात जाईल एवढी भेग. बाईंनी भेगेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्या भोपळ्याचे घारगे केले. त्याला काही चवच नव्हती. तरी आम्ही तिघांनी ते खाल्ले.

तिसऱ्या वर्षी सगळं जमलं. पाणी थोडं थोडं, ठरलेल्या वेळी. फळाखाली वाळूचा थर, वर दोन चादरी. मधेच डोंगरापलीकडे वणवा लागला आणि खोऱ्यात धूर भरला. सूर्य दिवसभर तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा. आम्हाला खोकला लागला, पण भोपळ्याला ती सावली मानवली. तो वाढत गेला. शेजारच्या बाई रोज सकाळी काठी टेकत येऊन त्याला थोपटायच्या. ऑक्टोबरात जवळच्या गावात भोपळ्यांचं वजन करायची जत्रा भरते. तिथे आपण तिघांनी मिळून जायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना नवा कोट घ्यायचा होता.

कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरअखेर संपत होतं. नवऱ्याला मिसिसागाशेजारच्या मिल्टनजवळ काम मिळालं होतं आणि ऑक्टोबर लागताच हजर व्हायचं होतं. एके संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "घर तिकडे मिल्टनलाच बघू या का? की मिसिसागात कंडो?"

"तुला जवळ पडेल ते बघ," मी म्हटलं.

"तुला परत तुझ्या ऑफिसात जाता आलं पाहिजे."

"बघू."

एवढंच आमचं बोलणं झालं. मला तिथून निघायचं नव्हतं. ते मला तोवर नीट माहीत होतं. पण त्याला पुढे जायचं असेल, मोठी कामं करायची असतील, त्याच्या आड आपण कशाला यायचं, असं मला वाटलं. मी कंडोचे, म्हणजे फ्लॅटचे, फोटो बघायला लागले. तो घराचे बघायला लागला. पॅकिंग केलं. भोपळा तोडायला अजून अवकाश होता, म्हणून तो वेलावरच ठेवून आम्ही निघालो. शेजारच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "चादरी राहू देत." गाडी वळेपर्यंत त्या कुंपणापाशीच उभ्या होत्या.

जत्रेला बाईंनी तो भोपळा ओळखीच्या पीचवाल्याच्या ट्रकमधून नेला. कुणीतरी काढलेला फोटो त्यांनी मला पोस्टानं पाठवला. तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे जवळजवळ एकशे चाळीस किलो भरला होता. बाकीच्यांच्या भोपळ्यांपुढे तो लहानच. पण ओसोयूसमधला तो एकटाच होता. बाईंच्या अंगावर नवा निळा कोट होता. मी तो फोटो किचनमध्ये उभी राहून बघितला आणि पुन्हा पाकिटात ठेवला.

मिल्टनचं आमचं घर नव्या वस्तीत होतं. सगळी घरं सारखी, झाडं काठीएवढी. मी पुन्हा ऑफिसात जाऊ लागले. ट्रेननं, रोज. नवरा अंधारातच निघायचा. दोन वर्षांनी डिसेंबरात एका शनिवारी आम्ही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. मधे थांबून तो म्हणाला, "ओसोयूसला हे करावं लागलं नसतं."

"तिथेही पडायचा की थोडा."

"थोडाच." मग तो म्हणाला, "मला तिथे कायमची नोकरी देत होते."

मला आधी समजलंच नाही. "कोण देत होतं?"

"पाण्याच्या ऑफिसातले. त्यांना देखभालीला माणूस हवा होता. पगार इथल्यापेक्षा कमी, पण ठीक होता. मी नाही म्हटलं."

"का?"

"तू तीन वर्षांसाठी आली होतीस. नोकरी सोडून. मी तुला आणखी किती अडकवणार होतो?"

मी शोव्हल बर्फात उभं केलं. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. माझ्यासाठी." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू कंडोचे फोटो बघत बसायचीस. मला वाटलं, दिवस मोजतेयस."

"मला तिथेच राहायचं होतं," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "मलाही."

समोरच्या घरातला माणूस बर्फ काढायचं यंत्र घेऊन बाहेर आला आणि त्या आवाजात पुढचं काही बोलता आलं नाही. आम्ही उरलेला ड्राइव्हवे साफ केला. आत जाऊन चहा केला. तो म्हणाला, त्या ऑफिसात विचारून बघू का? मी हो म्हटलं. त्यानं सोमवारी फोन केला. ती जागा केव्हाच भरली होती. पुन्हा कधी निघेल ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मी शेजारच्या बाईंनाही फोन लावला. तो नंबर बंद होता. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून आम्ही गेलो, तर त्यांचं घर विकलेलं होतं आणि त्यांना मुलीनं आपल्याकडे नेलं होतं. कुठे, ते नव्या मालकांना माहीत नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या मागे कुणी खडी पसरली होती, पाणी वाचावं म्हणून. आम्ही मोटेलात दोन रात्री राहिलो. पहाटे दोघांनाही आपोआप जाग आली. तो म्हणाला, फिरायला जाऊ या. आम्ही तळ्याकाठी चालत गेलो. ऊन चढायला लागलं तसे परत फिरलो आणि गाडीत सामान भरलं.