परबकाकांचं बुचाचं झाड

बोन्साय करणाऱ्यांकडे किस्स्यांना तोटा नसतो, कारण दुसरं करायचं काय? खोड वर्षभरात जाड होणार ते नखाएवढं. तेवढ्या वेळात माणूस गप्पा मारणार, नाहीतर भांडणार. आम्ही दोन्ही करतो! दर रविवारी सकाळी लालबागला परबकाकांच्या चाळीच्या गॅलरीत आमचा अड्डा जमतो. काका, काकू, दादरचे बापट आणि मी. मी माहीमहून येते, आणि खरं सांगायचं तर झाडांपेक्षा काकूंच्या घावनांसाठी येते.

*

सुरुवात बापटांनी केली. बापट म्हणजे बोन्सायचे सगळे व्हिडिओ तोंडपाठ असलेला माणूस. त्यांनी काकांना कॉर्क बार्क एल्मचं कलम आणून दिलं.

"झाड मुरलं की याची साल फुटते. बुचासारखी जाड, भेगाभेगांची. अप्रतिम दिसतं!"

त्या दिवशी ते झाड म्हणजे पेन्सिलीएवढी काडी होती. शेजारचे राणे डोकावले. "कसलं झाड, काका?"

"बुचाचां."

राण्यांनी काडीकडे बघितलं, मग बापटांकडे. "काका, तुम्हाला बूच मारलंय यांनी!"

सगळे हसले, काकाही. पण काकांना घाई होती. त्यांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काका काडीवर हात ठेवून म्हणाले, "माका दिसता तवसर ह्येची साल फुटलेली बघूक व्हयी. बस्स."

मला एकदम भरूनच आलं. बापट लगेच म्हणाले, "मग आधी खोड जाड करायला हवं!" बापटांना भरून वगैरे येत नाही, त्यांना मुद्दे येतात.

*

खोड जाड करायचं तर मुळांना पसरायला जागा हवी. पसरट, मोठा खोका हवा. काकूंनी बाजारातल्या कोळणीकडून मासळीचा थर्माकोलचा खोका आणला, फुकट. धुतला, उन्हात ठेवला, लिंबू चोळलं. काकांनी त्यात झाड लावलं.

दुसऱ्या दिवशी चाळीतली झाडून सगळी मांजरं खोक्याभोवती गोल करून बसलेली! बापट हादरलेच. त्यांच्या व्हिडिओत मांजरं नव्हती.

त्याच दिवशी बापटांनी काकांना टेपर समजावला. "खोड कसं हवं? खाली जाड, वर बारीक होत गेलेलं."

काकू आतून ओरडल्या, "मगे माझोच फोटो लावा थंय!"

*

खोड जाड करायची आणखी एक युक्ती असते. खालची एक फांदी अजिबात कापायची नाही, हवी तशी माजू द्यायची. ती वाढते तसं खालचं खोड फुगतं. काम झालं की फांदी बुडापासून उडवायची. खाऊनपिऊन माजवायचं आणि शेवटी कापायचं, म्हणून काका त्या फांदीला 'बकरो' म्हणायचे.

बकरा असा वाढला की गॅलरी ओलांडून राण्यांच्या दोरीपर्यंत पोचला. राणे वैतागले. "काका, बोन्साय म्हणजे छोटं झाड ना? माझी चादर वाळतेय त्याच्यावर!"

शेवटी काही वर्षांनी बापटांनी तपासून सांगितलं, खोड मनगटाएवढं झालंय, आता हरकत नाही. काकांनी मला फोन लावला. नजर अधू झाल्यापासून काकांचा आवाज वाढलाय. "आयतवारी बकरो कापतंय! सकाळीच ये!"

चाळीत फोन एकट्याचा नसतो. रविवारी मी पोचले तर गॅलरीत ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात डबा. राणे सगळ्यात पुढे. "काका, मुंडी आमची हां! आधीच सांगून ठेवतो!"

काकांनी करवत काढून फांदी कापली. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. काकूंनी लोकांच्या तोंडाकडे बघितलं, पिशवी उचलली आणि मटण आणायला गेल्या. दुपारी सगळी चाळ जेवली. बापट शाकाहारी, त्यांनी मटणाबरोबरचे वडे चहात बुडवून खाल्ले.

*

आणि मग साल फुटायला लागली! बुंध्याजवळ बारीक भेगा, त्यांच्या कडांना बुचासारखे उंचवटे. काका भिंग घेऊन तासन्‌तास बसायचे. बापटांनी बजावलं होतं, सालीला ब्रश नाही, तार नाही, काही नाही.

पण गणपती जवळ आले. चाळीत गणपतीआधी काय होतं ते माहीत आहे ना? जे हलत नाही ते धुतलं जातं. काका बाजारातून आले तर काकू नारळाच्या काथ्याने झाड घासतायत!

"गणपती येतले आणि ह्येच्या अंगार एवढो मळ? घासून काढलंय बघा!"

बुंध्याची एक बाजू चकचकीत! काका नुसते खाली बसले. चूक कळल्यावर काकूंचा चेहरा बघवेना. त्या वर्षी त्यांनी मोदक केले, पण स्वतः एकही खाल्ला नाही. घासलेली बाजू तशीच गुळगुळीत राहिली, बाकीची साल मात्र जोरात फुटत गेली. आणि काकांची नजर कमी होत गेली.

*

यंदा दादरच्या एका हॉलमध्ये बोन्सायचं प्रदर्शन होतं. बापटांनी काकांचं झाड उथळ कुंडीत बसवून मांडलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! माणसं थांबून थांबून बघत होती. काकूंनी काकांना हाताला धरून आणलं. आता त्यांना उजेड कळतो, बाकी काही नाही.

काका टेबलाशी गेले, चाचपडत बुंधा शोधला आणि अंगठा भेगांवरून हळूहळू फिरवायला लागले. चेहरा असा फुललेला!

तेवढ्यात बिल्लावाला स्वयंसेवक धावत आला. "ओ काका, हात नका लावू! बोर्ड दिसत नाही का?"

बापट मुद्दा काढायच्या बेतात होते. त्याआधीच काकू पुढे झाल्या.

"बोर्ड दिसणा नाय तेंका. झाड बघतत. बघूंदे."

बिचारा ओशाळला, दोन पावलं मागे सरकला. काकांचं लक्षच नव्हतं. त्यांचा अंगठा बुंध्याच्या मागच्या बाजूला गेला आणि थांबला.

"गो, हयसर तू घासललंस ना?"

काकू गर्रकन त्या पोराकडे वळल्या. "बघितलंस? सगळां दिसता तेंका!"