पाय हलव, सुनीता

रॉड सहा दात वर चढला होता आणि मुलीचे पाय हलत नव्हते.

मी तिच्या डोक्याशी हिरव्या कापडाखाली वाकून बसले होते. ती पालथी होती. तोंडात श्वासाची नळी, पाठ वीतभर उघडी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिस्टर कापड उचलून तिच्या तळपायांकडे पाहत होत्या. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते, "सुनीता, पाय हलव. सुनीता, पायाची बोटं हलव."

"हललं काही?" ऑपरेशन करणाऱ्या सरांनी विचारलं.

"नाही सर," सिस्टर म्हणाल्या.

ईशान, गेल्या महिन्यात तू तुझ्या कंपनीतल्या इम्प्लांटचा व्हिडिओ पाठवलास. दोन मणक्यांमध्ये एक चपटा तुकडा सरकवायचा, बाहेरून किल्ली फिरवायची, आणि तो आतल्या आत उंच होतो. तू विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का?" होतं. इतकं सुबक नव्हतं. फोनवर सांगायला जमलं नाही म्हणून लिहिते आहे. तुझ्या बहिणीला, मीरालाही वाचायला दे.

आमच्या वेळी स्टीलचा रॉड असायचा, करंगळीपेक्षा बारीक. त्याच्या एका टोकाला करवतीसारखे दात. एक हूक मोडलेल्या मणक्याच्या वरच्या हाडात अडकवायचा, एक खालच्या. मग वरचा हूक अवजाराने एकेक दात पुढे ढकलायचा. ट्रकखाली जॅक लावतात, तसंच. हूक लांब गेले की पाठ ताणली जाते आणि मधला चेपलेला मणका पुन्हा उंच होतो. शेवटी कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे काढून बाजूला पसरायचे. काही महिन्यांत ते सगळे मणके मिळून एकच हाड तयार होतं. यालाच फ्यूजन म्हणतात.

धोका मज्जारज्जूचा. तो त्याच मणक्यांमधून जातो. जास्त ताणला गेला तर पाय कायमचे जातात. आता ते सांगणारी मशिनं आहेत. तेव्हा परभणीत मशीन म्हणजे मी, भूल देणारी डॉक्टर. रॉड ताणून झाला की मी भूल हलकी करायची आणि पेशंटला तिथेच, पाठ उघडी असताना, अर्धवट जागं करायचं. आधी हात दाबायला सांगायचं. हात दाबला म्हणजे ऐकू येतंय आणि समजतंय. मग पाय हलवायला सांगायचं. हात दाबला पण पाय हलले नाहीत, तर रज्जू ताणला गेला असं धरायचं आणि रॉड ताबडतोब खाली घ्यायचा.

सुनीता एकोणीस वर्षांची होती. झरी गावची सून. लग्नाला चार महिने झालेले. शेतातून येताना कापसाची गाडी उलटली आणि वर बसलेली ती कमरेवर पडली. पाय हलत होते, पण उभं राहता येत नव्हतं. आमचा दवाखाना खाजगी आणि लहान. मणक्याचे सर औरंगाबादहून यायचे, अवजारांची ट्रंक घेऊन. त्या आठवड्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ते बंद होते, म्हणून ते चार दिवस उशिरा पोचले.

आदल्या संध्याकाळी मी तिला तपासायला गेले. खाटेशेजारी सासू बसली होती. मुलीची आई खाली, भिंतीला टेकून.

"बाई, ही शेतात काम करल का?" सासूनं विचारलं.

"आधी उभी राहू दे."

"सरळ सांगा आमाला. बसलेली बायकू सांभाळायचं माझ्या पोराचं वय हाय का?"

मी मुलीला नाव विचारलं. तिनं आधी सासूकडं पाहिलं आणि मग म्हणाली, "सुनीता." मला वाटलं, लाजते आहे.

"सुनीता, उद्या झोपेत मी तुला हाक मारीन. हात दाब म्हटलं की माझा हात दाबायचा. पाय हलव म्हटलं की पाय हलवायचे. दुखणार नाही."

"जी."

तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा तिनं चोख केलं.

आता ऑपरेशनकडे येते. भुलेचा गॅस बंद केल्यावर थोड्या वेळानं ती नळीवर खोकली. माझी दोन बोटं तिच्या तळहातात होती. मी म्हणाले, "सुनीता, हात दाब." तिची बोटं मिटली.

"हात दाबला, सर," मी म्हणाले.

चूक इथे झाली. भुलेतून वर येणाऱ्या माणसाच्या तळहातात काही ठेवलं तर बोटं आपोआप मिटू शकतात. तान्हं बाळ बोट धरतं, तसं. ते उत्तर नसतं. मला हे माहीत होतं. पण मी उत्तराची वाट पाहत होते, आणि मिळालं तसं घेतलं.

त्यानंतर पाय हलले नाहीत. पुन्हा सांगितलं, तरी नाही.

"सर, अजून नीट जागी नसेल. दोन मिनिटं द्या."

"हात दाबला म्हणालात ना?"

"हो."

"मग जागी आहे. दोन मिनिटं कुठून आणू? खाली घेतो."

माझं सांगणं खरं धरलं, तर त्यांचं बरोबर होतं. ताणलेल्या रज्जूला वाट पाहणं परवडत नाही. त्यांनी हूक सैल करायला घेतला. तो घट्ट बसला होता. जोर लावावा लागला. काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला.

"हाडाची कड गेली," सर म्हणाले. सहावरून रॉड दोन दातांवर आला. पाय तसेच. "काढूनच टाकतो."

तेवढ्यात केवळाबाई रक्ताची दुसरी बाटली घेऊन आत आली. ती आमच्याकडे आया होती, बरीच वर्षं. बाटली माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "मॅडम, हिची माय भाईर लय रडायलीय. गोदे, गोदे करायलीय. अन् सासू दटावायलीय तिला, सुनीता म्हण म्हणून."

"गोदा कोण?"

"हीच की. माहेरचं नाव. चार महिन्यांत नवं नाव कुठं मुरतंय अंगात?"

तुम्हा दोघांना हे ठाऊक नसेल. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचा. त्या दिवसापासून तिनं तेच सांगायचं. केसपेपरवरही तेच. माझंही असंच बदललं होतं, तरी मला सुचलं नाही.

मी वाकले. "गोदा. गोदे, पाय हलव."

"हलले," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही. बोटंही."

"गोदा, हात दाब."

तिनं असा दाबला की माझी बोटं दुखली. पहिलं दाबणं दाबणं नव्हतंच.

सर थांबले. "मग मघाशी?"

"मघाशी तिला हाक पोचलीच नव्हती सर. हात दाबला, असं मी सांगायला नको होतं."

मी विचारलं, "परत वर घेता येईल?"

"कशावर? उरलेली कड एवढा ताण धरणार नाही. वरचा मणका उघडायचा तर आणखी तासभर, आणि तुमच्या हातातली बाटली शेवटची." त्यांनी जखमेकडे पाहिलं. "पाय आहेत ना? राहू द्या असंच."

मी पुन्हा भूल वाढवली. त्यांनी दोन दातांवरच रॉड पक्का केला, हाडाचे तुकडे पसरले आणि पाठ शिवली.

बाहेर सर नातेवाइकांशी बोलले. ते थकले होते आणि त्यांना थोडक्यात सांगायची सवय होती. म्हणाले, "पाय वाचले. पाठ थोडी वाकडी राहील. मध्ये तिला पाय हलवायला सांगितले होते, तिनं वेळेवर हलवले नाहीत, म्हणून रॉड कमी करावा लागला."

सासूनं मान हलवली, तिला हेच ठाऊक होतं अशी. मी सरांच्या मागे उभी होते. तोंडावरचा मास्क काढलेला होता. मी काही बोलले नाही.

तीन महिन्यांत ती चालू लागली. एक्स-रेमध्ये फ्यूजन छान दिसलं. फ्यूजनचं हेच आहे, जसं ठेवाल तसं ते जोडतं. तिची पाठ वाकलेली जोडली गेली. डोक्यावर पाटी घेता येईना, फार वेळ उभं राहता येईना. दिवाळीला सासरच्यांनी तिला माहेरी पिंगळीला पाठवलं आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याचं दुसरं लग्न झालं.

दीड वर्षानं ती परत आली. रॉडचं टोक कातडीखाली टोचत होतं, तो काढायचा होता. बरोबर फक्त आई. केसपेपरवर नाव गोदावरी, पुढे वडिलांचं. मी आदल्या संध्याकाळी तपासायला गेले. ती कुशीवर झोपली होती. उताणं झोपता येत नव्हतं.

"बाई, एक इचारू का?"

"विचार."

"त्या टायमाला तुमी सांगितलं अन् म्या पाय हलवले न्हाईत, म्हणून पाठ अशी ऱ्हायली. खरं हाय का ते?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतेत. सासू म्हणली, हे म्हणले. आता माय बी म्हणती."

आई खिडकीकडं पाहत होती.

मी खाटेवर बसले. म्हणाले, "गोदा, ते खरं नाही. मी तुला हाक मारली ती तुझ्यापर्यंत पोचली नाही. आणि तू हात दाबला नव्हतास, तरी दाबला असं मी डॉक्टरांना सांगितलं. म्हणून त्यांनी रॉड खाली घेतला. चूक माझी. तुझी नाही."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग थोडा विचार करून म्हणाली, "पर बाई, सुनीता हे नाव तुमाला म्याच सांगितलं व्हतं."

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तिच्या आईलाही जवळ बोलावून सांगितलं. शेवटी गोदा म्हणाली, "जी." पहिल्या वेळी म्हणाली होती तसंच. तिनं ते मानलं नव्हतं. मी दीड वर्ष उशिरा आले होते.

दुसऱ्या दिवशी रॉड निघाला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी काही गोष्टी पाळल्या. हात दाबायला सांगायचं, मग सोडायला सांगायचं, मग पुन्हा दाबायला. तिन्ही झाल्याशिवाय "दाबला" म्हणायचं नाही. आदल्या दिवशी आईला बाजूला घेऊन विचारायचं, घरी काय म्हणून हाक मारता. आणि सर्जन नातेवाइकांशी बोलायला बाहेर निघाले की आपणही त्यांच्याबरोबर जायचं, आणि त्यांच्या मागे उभं राहायचं नाही.